ड्रायव्हर चिकटवू नका

१

नाथा माझ्याकडे पहिल्यांदा आला तो २०१८ सालचा मार्च होता की एप्रिल, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. माझ्या वहीत मार्च लिहिलेला आहे. पण त्या दिवशी त्याच्या हातात पिशवीभर कैऱ्या होत्या असं मला स्पष्ट आठवतं, आणि आमच्याकडे कैऱ्या एप्रिलच्या आधी फारशा दिसत नाहीत. माणसानं वहीवर विश्वास ठेवावा की कैऱ्यांवर, यावर मी एक अख्खी दुपार घालवली आहे. तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. आता तर विचारूच नका.

प्लास्टिकच्या बाबतीत मात्र माझी गफलत होत नाही. माझी डॉक्टरेट त्यातली आहे. एकतीस वर्षं मी तेच शिकवलं आणि निवृत्तीनंतर बीडच्या घरी बसून गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायला लागलो त्या त्याच जोरावर. कोणतं प्लास्टिक कशाला चिकटतं आणि कोणतं कशालाच चिकटत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. म्हणून पुढे जे लिहितोय त्यातल्या तारखा चुकू शकतात, सांधे चुकणार नाहीत.

नाथा पालीच्या पुढच्या एका वस्तीवर मेंढ्या राखायचा. त्याच्या मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं मी परीक्षक होतो आणि हौसेनं माझी एसटीची प्रतिकृती घेऊन गेलो होतो. ती त्यानं पाहिली होती.

"सर, तुमी एवढं शिकले आन् खेळन्यातल्या गाड्या करता व्हय?" तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणाला.

"करतो."

"मंग एक आमाला करा. जीप."

त्याच्याबरोबर त्याची आई कडूबाई होती आणि धाकटी भावजय अंजू. अंजू आत आलीच नाही, चौकटीला टेकून उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचा नवरा बंकट, म्हणजे नाथाचा धाकटा भाऊ, प्रवासी जीप चालवायचा. २०१६ च्या सप्टेंबरात, त्या मोठ्या पावसात, तो माणसं घेऊन युसूफ वडगावला गेला. माणसं उतरवली, "निघालो" म्हणून घरी फोन केला, आणि त्यानंतर तोही दिसला नाही आणि जीपही दिसली नाही. पूल पाहिले, नदी पाहिली, पोलिसांत कागद झाले. कोणी म्हणालं गाडी विकून सुरतेला गेला. त्याचा एकही धड फोटो घरात नव्हता. होते ते त्याच्याच मोबाइलमध्ये.

"आईचं डोळं रस्त्यावर लागल्यालं असतंय," नाथा म्हणाला. "दोन वर्सं व्हत आली. निदान गाडी तरी डोळ्यापुढं असू द्या म्हनती."

"मानूस बी बसवा गाडीत," कडूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा आणि ठणठणीत होता. "पर एक ध्यानात धरा, सर. त्याला चिकटवू नका."

"का बरं?"

"कावून म्हंजी? घरी आल्यावर उतराया नगं का त्याला?"

नाथानं मान खाली घातली. मी अंजूकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

२

जीप मी सोळापट लहान धरली. साधारण वीतभर लांब. पत्र्याचं टप, चार दारं, चढवता-उतरवता येणाऱ्या काचा. माहिती नाथानं दिली, मापं मी तसलीच एक गाडी स्टँडवर मोजून घेतली.

अंग स्टायरीनच्या चकत्यांतून कापलं. स्टायरीन हे गुणी प्लास्टिक. दोन तुकडे कडेला कड लावून धरले आणि फटीवर विद्रावकाचा एक थेंब सोडला की दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिसळतात. विद्रावक उडून गेला की सांधा उरतच नाही. दोनाचं एक झालेलं असतं.

पॉलिथिलीनचा स्वभाव याच्या उलट. दुधाची पिशवी, बाटलीचं मऊ झाकण, जत्रेतली स्वस्त बाहुली, हे सगळं ते. हाताला किंचित मेणचट लागतं. त्यावर कुठलाही गोंद सोडा, गोंद थेंबासारखा फुगून बसतो, पसरत नाही. आणि वाळला की नखानं पापुद्रा निघून येतो. प्रतिकृती करणारे लोक या प्लास्टिकला वैतागतात. मला मात्र कडूबाईंच्या अटीसाठी तेच हवं होतं. कपिलधारच्या जत्रेतून आणलेलं शेतकऱ्यांच्या बाहुल्यांचं एक पाकीट माझ्याकडे पडून होतं. त्यात ट्रॅक्टरवर बसवायचा एक ड्रायव्हर होता. वाटीभर पाण्यात टाकून पाहिला; तरंगला. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं असतं. नखानं खरवडला तर मेणासारखी साल निघाली. शंकेला जागा नव्हती.

ज्याला जगातला कोणताही गोंद धरणार नाही असा माणूस मी त्या जीपमध्ये बसवला. तो उचलला की निघायचा, ठेवला की बसायचा. माझ्या या हुशारीवर मी फार खूश होतो.

३

माझं टेबल पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी आहे; मी खिडकीला पाठ करून बसतो. मे महिन्यात कूलरचं पाणी टपटपत असतं, त्यापलीकडे दुपारभर काही आवाज नसतो. अशाच एका दुपारी मला सीटला तपकिरी रंगाचा दुसरा हात द्यायचा होता, म्हणून मी चिमट्यानं ड्रायव्हर उचलायला गेलो. पूर्ण जीप वर आली.

मी ती खाली ठेवली. बोटांनी धरून ओढलं. पुन्हा जीपच उचलली गेली.

आधी वाटलं, पहिला रंग ओला असताना बसवला असेल. पण रंगही पॉलिथिलीनवर टिकत नाही. तो टरफलासारखा निघतो. पातळ पातं सीट आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये घालून पाहिलं. पातं जायला फट नव्हती. भिंग लावलं. तपकिरी सीट आणि निळी विजार यांच्यामध्ये रेष नव्हती. स्टायरीनला स्टायरीन जोडल्यावर होतं तसं दोनाचं एक झालेलं होतं.

पहिली भीती मला वाटली ती स्वतःची. माझी मुलगी धनश्री पुण्याला असते. त्या वर्षी दर फोनवर ती मला आज कोणता वार आहे ते हळूच विचारायची आणि मी सांगितलं की विषय बदलायची. मीच चिकटवून विसरलो असेन का? वही काढली. माझ्याच अक्षरात होतं: "ड्रायव्हर. गोंद नाही. सुटा."

मग बसून नीट विचार केला. मी विसरलो असं क्षणभर धरलं तरी काही सुटत नव्हतं. मला हवं असतं तरी हा सांधा मला करता आला नसता. कोणालाच करता आला नसता. ही दोन प्लास्टिकं वितळवून एकत्र कालवली तरी थंड झाल्यावर वेगळी होतात. माझं डोकं गेलेलं असणं हेसुद्धा इथं उत्तर होऊ शकत नव्हतं.

त्याच पाकिटातल्या पाच बाहुल्या घेऊन मी पाच वेगवेगळे गोंद लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी पाचही बोटाच्या धक्क्यानं पडल्या. पाचही वेळा मला बरं वाटलं. मग मी जीपकडे वळलो, ड्रायव्हरला धक्का दिला, आणि तो हलला नाही.

४

यानंतर काचा पांढऱ्या झाल्या.

हे मला समजावून सांगावं लागेल. पाच रुपयांच्या ट्यूबमध्ये मिळणारा जो झटपट गोंद असतो, त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून दुधी बुरशीसारखा थर धरते. म्हणून जाणता माणूस काचांना तो वापरत नाही. मीही वापरला नव्हता. काचा मिठाईच्या खोक्याच्या झाकणातून कापल्या होत्या आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदानं बसवल्या होत्या, त्याला वाफ नसते. आणि बाहुल्यांवर ती ट्यूब वापरली तेव्हा जीप आतल्या खोलीत कपाटात होती. हेही वहीत आहे.

तरीही सकाळी कपाट उघडलं तेव्हा चारही दारांच्या काचा आणि मागची मोठी काच दुधी झालेली होती. कापसावर पाणी घेऊन बाहेरून पुसल्या. काही गेलं नाही. थर आतून होता.

त्या वाफेचा आणखी एक गुण आहे. काचेला कोणाच्या हाताचा घाम लागलेला असला तर ती तिथं जास्त धरते, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ठसा उमटून येतो. पोलीस खात्यात ही युक्ती वापरतात. मी वर्गात गंमत म्हणून सांगायचो. त्यामुळे मागच्या काचेवर जास्त पांढरा असा एक डाग दिसला तेव्हा तो काय आहे हे मला भिंग लावण्याआधीच कळलं. तरी मी भिंग लावलं.

पंजा होता. पाच बोटं पसरलेली, तळवा काचेला टेकलेला. फूटपट्टीवर मोजला तर अकरा मिलिमीटर भरला. अकराला सोळानं गुणा; मोठ्या माणसाचा हात होतो.

ड्रायव्हरच्या बाहुलीचे हात साच्यातच स्टिअरिंगला जोडलेले होते. त्यांना बोटं सुटी काढलेली नव्हती.

मी दिवाणावर जाऊन पडलो. धनश्रीचा फोन आला.

"बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली."

"आवाज का असा येतोय?"

"ऊन फार आहे," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली असती, आणि तिचंही काही चुकलं नसतं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी पुन्हा टेबलाशी गेलो. विंडस्क्रीन तेवढी स्वच्छ राहिली होती. छोटी बॅटरी मागच्या काचेच्या बाहेर धरली, म्हणजे उजेड आत यावा, आणि पुढून भिंगातून आत पाहिलं. मला ड्रायव्हरची सीट दिसली. तपकिरी रंग एक हाताचाच होता, खालचं पांढरं स्टायरीन डोकावत होतं. ते मला दिसायला नको होतं, कारण त्यावर माणूस बसलेला असायला हवा होता. मागच्या उजेडात, दुधी काचेला लागून, काहीतरी काळं खाली-वर होत होतं.

भिंग बाजूला केलं. ड्रायव्हर जागेवर होता. ओढून पाहिला. पक्का.

मागच्या काचेवर आता तीन पंजे होते.

५

दिलेली तारीख मी पाळली. का पाळली, हे अजूनही विचारतो स्वतःला. ती गाडी घरातून जावी असं वाटत होतं, हे एक. आणि कडूबाईंना काय सांगायचं याची उजळणी मी तीन दिवस करत होतो. बाई, तुमचा एकच शब्द होता आणि तोच मला पाळता आला नाही. उतरता येईल असा बसवायला सांगितला होता, तो उतरत नाही.

तिघंही आले. मी सांगितलं. अंजूनं एकदम वर पाहिलं. ती या घरात आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

"चिकटलाय म्हंजी? तुमी तर म्हनले हे पिल्यास्टिक चिकटतच न्हाई," नाथा म्हणाला. "इतक्या बुकांचा काय उपेग मंग, सर?" तो हसला, पण आईकडे बघत हसला.

कडूबाईंनी जीप मांडीवर घेतली. काचांवरून बोट फिरवलं. "गारठलाय गं," त्या कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. मग दार उघडलं, दोन बोटं आत घातली आणि ड्रायव्हर उचलून बाहेर काढला. तुरीच्या शेंगेतून दाणा काढावा इतक्या सहज.

"ह्यो बगा. कुटं चिकटलाय?"

त्यांनी बाहुली पदराला पुसली. पदरावर ओला डाग पडला. बोटं पुन्हा पुसली, पुन्हा डाग.

"वला हाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं. पोर पावसातून भिजून घरी आल्यावर आई हसते तसं. "उतरला मपला बंकट."

६

पंधरा-वीस दिवसांनी अंजू एकटी आली. दुपारचा एक वाजला असेल. हातात पिशवी होती. तिच्यातून तिनं जीप काढून टेबलावर ठेवली, आणि कनवटीला बांधलेल्या रुमालातून ड्रायव्हर.

"हा परत बसवा, सर. चिकटवून टाका. कदी निगायला नगं असा."

"बसा आधी. पाणी घ्या."

तिनं पाणी घेतलं नाही. "आत्याबाईंनी त्याला गाडीतून काढून देवळीत ठिवलाय. रोज निवद दावत्यात. घरात ताट वाढत्यात एक जास्तीचं. तेबी चालंल म्हनलं. पर भाऊजी मेंढरं घेऊन गेले की भर दुपारी थापा पडत्यात."

"दारावर?"

"दारावर पडल्या असत्या तर काय नव्हतं, उगडलं असतं दार. काचंवर थाप मारल्यावानी आवाज येतो. अशा." तिनं तळहात उघडून माझ्या टेबलाच्या काचेवर तीनदा आपटला. "आमच्या घराला काच कुटं हाय, सर? कुडाचं घर हाय आमचं."

मी जीप माझ्याकडे ओढून घेतली.

"आत्याबाई म्हनत्यात, आलाय तो, बोल त्याच्याशी. मी बोलू? मालक हायत माजे, मी न्हाई कशी म्हनू? पर सर, जे आलंय ते आत येऊ म्हनत न्हाई. भाईर सोडा म्हनतंय. आमी सगळी घरात असतो, आन् ते आमच्याच घरातून भाईर सोडा म्हनतंय. माजी ल्येक चार वर्सांची हाय. कालच्याला ती म्हनली, पाटीमागं पानी हाय."

मला जे येत होतं ते मी केलं. पॉलिथिलीन अजिबात चिकटत नाही असं नाही. त्याचा पृष्ठभाग आधी बदलावा लागतो. बाहुलीचं बूड निळ्या ज्योतीवरून क्षणभर फिरवलं, म्हणजे गोंद पसरतो. पसरला. दहा मिनिटं दाबून धरलं. सोडलं, तर ती उताणी पडली. परदेशातून मागवलेलं खास द्रावण लावून झटपट गोंद वापरला. पडली. शेवटी गोंदाचा नाद सोडला, बारीक ड्रिलनं बाहुलीत भोक पाडलं, पितळी तार ठोकली आणि तार सीटमध्ये आरपार घालून खालून वाकवली. याला रसायनशास्त्र लागत नाही. खिळा मारल्यासारखं आहे हे. हे निघू शकत नाही.

मी जीप अंजूकडे सरकवली. ती सरकवताना बाहुली टेबलावर घरंगळली. तार सीटमध्ये होती तशीच होती, वाकवलेली. बाहुलीच्या बुडाला भोक नव्हतं.

आधी निघत नव्हती, आता बसत नव्हती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे खिडकीच्या तावदानावर थाप पडली. सपाट हाताची. मग दुसरी. तिसरी. भर दुपारचा रस्ता सुनसान होता.

अंजूनं पदर तोंडात धरला होता. "मागं बगू नका, सर."

मी पाहिलं. माणूस सबंध आयुष्य पुराव्यावर जगला की त्याला पाहावंच लागतं. माझ्या खिडकीला बाहेरून लोखंडी गज आणि त्याच्यावर डासांची जाळी आहे. बाहेरून काचेला हात लावता येत नाही. तावदानावर एक ओला पंजा होता, पूर्ण मापाचा, उन्हानं कडेकडेनं आक्रसत चाललेला. त्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब होता. मी बोट लावलं. बोट ओलं झालं. म्हणजे तो आतून होता, आमच्या बाजूनं, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर.

मला त्या क्षणी काय कळलं ते मी नीट सांगू शकत नाही, पण जे बोललो ते शंभर टक्के खात्रीनं बोललो. आयुष्यात इतक्या खात्रीनं मी क्वचितच काही सांगितलं असेल.

"अंजू, इथून वस्तीवर जा, मुलीला उचला आणि माहेरी जा. आजच. हे दोन्ही इथं ठेवू नका आणि तुमच्याजवळही ठेवू नका. कडूबाईंचं त्यांना द्या. त्यांना ते हवं आहे."

"आन् आत्याबाई?"

"त्यांना भीती वाटत नाही," मी म्हणालो. "तुम्हाला वाटते. जिला वाटते तिनं निघावं."

ती गेली. त्याच दिवशी गेली, हे नाथानं मला पुढच्या आठवड्यात फोनवर चिडून सांगितलं, आणि माझं नाव घेऊन सांगितलं. मी ऐकून घेतलं. अंजूनं माहेरी शिवणकाम सुरू केलं, मुलगी तिथल्याच शाळेत जाते. तिकडे कधी काही वाजलं नाही. हे मी तिला दोनदा विचारलं आहे.

कडूबाई पुढे चार वर्षं होत्या. नाथाच्या सांगण्याप्रमाणे त्या दुपारच्या दार लावून बसायच्या आणि आतून बोलण्याचा आवाज यायचा. "आई सुकात हुती," तो म्हणाला. "घर तेवडं वलं राहायचं."

७

२०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याची फार ओढ झाली. युसूफ वडगावहून येणाऱ्या एका आडरस्त्याला दगडाची जुनी खदान आहे, तिचं पाणी आटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ते त्या मे महिन्यात तळाला गेलं आणि गाळातून एक टप वर आलं.

पंचनामा ज्यांनी लिहिला त्यांच्यात माझा एक जुना विद्यार्थी होता, प्रविण. त्यानं मला कागद दाखवला. पण कागदावर विश्वास ठेवायचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून एकोणऐंशीव्या वर्षी रिक्षा करून मी ठाण्याच्या आवारात गेलो आणि ती जीप हातानं चाचपून पाहिली. नंबर बंकटच्या गाडीचाच होता. चारही दारांच्या कड्या आतून लागून गंजलेल्या होत्या. पोलिसांना टपाचा पत्रा कापून आत उतरावं लागलं होतं. सगळ्या काचा वर चढवलेल्या होत्या आणि एकही फुटलेली नव्हती, तडा नव्हता. आतला सगळा गाळ प्रविणनं समोर उभं राहून चाळणीतून काढवून घेतला होता. त्यात चपलेचा एक जोड मिळाला, एक मोबाइल मिळाला, किल्ली स्टार्टरला होती तशीच मिळाली.

माणसाचं हाड एकही मिळालं नाही.